तापाचा कितवा दिवस?

(मांजरी बुद्रुक इथल्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो ते आप्पा पहिल्यांदा माझ्या लॅबची पायरी चढले ते नातवाचा रक्ताचा रिपोर्ट न्यायला. नातवाला डेंग्यू झाला होता. आप्पांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला आणि विचारलं, "बाई, हे कितव्या दिवसाचं?" मी वरची तारीख दाखवली. ते म्हणाले, "तारीख दिसली मला. तापाचा कितवा दिवस?"

मला सांगता आलं नाही. नमुन्याबरोबरच्या चिठ्ठीवर नाव होतं, वय होतं, फोन नंबर होता. ताप कधी चढला ते कुणी लिहिलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. आप्पा पुढे काही बोलले नाहीत, पण त्यांची नजर मी विसरले नाही. ते द्राक्षबागाईतदार. बागेत जाणकार पाहुणा आला तर पहिला प्रश्न असतो, "छाटणीला किती दिवस झाले?" देठ परीक्षणाला पानं द्यायची तर खरड छाटणीनंतरचा साधारण ४५ वा दिवस गाठायचा. त्या दिवशीचा पोटॅशचा आकडा उपयोगाचा. त्याच वेलीचा तोच आकडा महिन्याभराने आला तर त्याचा अर्थ निराळा. आपल्या मांजरी फार्मवर १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तेव्हा हे मी तुम्हाला शिकवायला नको.

मग वेलीला जो नियम तो माणसाच्या रक्ताला का नको? आज मला एवढंच म्हणायचं आहे. बाकीचं बोलणं म्हणजे त्याचा विस्तार.

एक थेंब, चार चौकोन

ताप आला की डॉक्टर चिठ्ठीवर तीन अक्षरं लिहितात: सीबीसी. जांभळ्या बुचाच्या नळीत दोन मिली रक्त घेतलं जातं आणि मशीन मिनिटभरात कागद काढून देतं. त्यात लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स आणि शंभर भाग रक्तात लाल पेशींनी किती जागा व्यापली आहे तो आकडा असतो. या शेवटच्या आकड्याला आम्ही पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट म्हणतो. कागदावर सगळ्यात कमी वाचला जातो तो हाच. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

मशीन मोजतं कसं? आपल्या सोलापूर रोडला कवडीपाटला टोलनाका होता, तो आठवा. रक्त पातळ करून एका बारीक भोकातून सोडतात आणि भोकातून वीज खेळवतात. पेशी भोकातून जाताना विजेला क्षणभर अडथळा होतो. अडथळा मोठा तर पेशी मोठी, लहान तर लहान. ट्रक वेगळा, दुचाकी वेगळी. वॉलेस कोल्टर या अमेरिकन माणसाला या युक्तीचं पेटंट १९५३ साली मिळालं आणि जगभरच्या लॅबची मान मायक्रोस्कोपवरून वर झाली.

मी शिकले ती मात्र हाताने मोजायला. न्यूबावर चेंबर नावाची काचेची जाड पट्टी असते. तिच्या मधोमध रेघांची जाळी कोरलेली. रक्त वीस पट पातळ करायचं, तेही अशा द्रावात की लाल पेशी विरघळून जातील आणि पांढऱ्या उरतील. मग चार कोपऱ्यांतले चार मोठे चौकोन घ्यायचे, प्रत्येकात १६ घरं, आणि एकेक घर मोजत जायचं. पेशी नेमकी रेघेवर बसली तर? डावीकडची आणि वरची रेघ आपली, उजवीकडची आणि खालची शेजाऱ्याची. बांधावरचं झाड कुणाचं, हा वाद इथे एका वाक्यात मिटतो. चारही चौकोनांची बेरीज करून तिला ५० ने गुणायचं. ८० पेशी दिसल्या तर घन मिलिमीटरला ४,०००.

अंगात पाचएक लिटर रक्त, आणि त्याचा निवाडा ८० पेशींवर. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. ती परीक्षा खोटी नाही. आपल्या आज्या त्यावर आयुष्यभर स्वयंपाक करत आल्या. पण शीत दाबून बघताना भात किती वेळ चुलीवर आहे ते त्यांना ठाऊक असायचं. आम्हाला शीत मिळतं, भात कधी चढवला ते कुणी सांगत नाही.

टक्के आणि माणसं

मोठ्या माणसाच्या पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असतात. त्यांत दोन मुख्य जाती. न्यूट्रोफिल्स बहुतेक जिवाणूंशी पहिल्यांदा भिडतात; लिम्फोसाइट्सकडे विषाणूंचा मोठा कारभार. म्हणून ढोबळ नियम झाला: न्यूट्रोफिल्स चढले तर जिवाणू, एकूण पेशी उतरून लिम्फोसाइट्सचा टक्का चढला तर विषाणू. दवाखान्यात "व्हायरल दिसतंय" म्हणतात ते यावरूनच.

पण टक्क्याने फसू नका. समजा, एकूण पांढऱ्या पेशी २,८०० आणि लिम्फोसाइट्स ५५ टक्के. घरचे म्हणतात, लिम्फोसाइट्स वाढले. हिशेब करा: २,८०० चे ५५ टक्के म्हणजे १,५४०. हा आकडा अगदी साधारण आहे. न्यूट्रोफिल्स ३८ टक्के, म्हणजे १,०६४, ते घटलेत. तुकोबांची पालखी आपल्या वेशीवरून लोणीला जाते तेव्हा घरातले चार पुरुष वारीला निघाले, तर घरात बायकांचं प्रमाण वाढतं. म्हणून काही नव्या बायका आलेल्या नसतात. रिपोर्टवर टक्क्यांच्या शेजारी 'अ‍ॅब्सोल्यूट काउंट' छापलेला असतो, तो वाचा. आणि लहान मुलांच्या रक्तात पहिली काही वर्षं लिम्फोसाइट्सच जास्त असतात. दोन वर्षांच्या बाळाच्या कागदावर ६० टक्के दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही.

मशीनला न दिसणारी एक गोष्ट काचेवर दिसते. रक्ताचा थेंब पट्टीवर पसरून लीशमन रंग दिला की विषाणूशी झुंजणारे काही लिम्फोसाइट्स ओळखू येतात: आकाराने थोराड, अंग गडद निळं, आणि कडा शेजारच्या लाल पेशींना कवेत घेतल्यासारखी वाकलेली. डाउनी आणि मॅकिन्ले यांनी १९२३ साली यांचं वर्णन केलं. डेंग्यूच्या हंगामात मी दिवसाकाठी कितीतरी बघते. हे दिसले की शरीर कामाला लागलंय एवढं नक्की कळतं. कुणाविरुद्ध, ते कळत नाही.

नाव कोण सांगणार?

पेशींची मोजणी शरीरात काय चाललंय ते सांगते, विषाणूचं नाव सांगत नाही. ढोबळ नियमाला अपवादही भरपूर. टायफॉइड जिवाणूचा आजार, तरी त्यात पांढऱ्या पेशी उतरतात. डांग्या खोकला जिवाणूचा, त्यात लिम्फोसाइट्स भरमसाट चढतात. मलेरियात आणि लेप्टोस्पायरोसिसमध्ये प्लेटलेट्स डेंग्यूसारख्याच घसरतात. म्हणून "प्लेटलेट्स कमी, म्हणजे डेंग्यू" हे समीकरण डोक्यातून काढा.

आपल्या पुण्यानेच याचा धडा दिलाय. १९५२ साली इथे विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, एनआयव्ही. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, पाठोपाठ माणसं तापाने पडली. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी तो विषाणू आणि तो पसरवणारी गोचीड शोधली. हाच माकडताप २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गला आला. त्यातही पांढऱ्या पेशी उतरतात, प्लेटलेट्स उतरतात. दोडामार्गच्या रुग्णाचा कागद आणि मांजरीच्या डेंग्यूचा कागद शेजारी ठेवले तर केवळ आकड्यांवरून मला फरक सांगता येणार नाही. फरक सांगतो तो डॉक्टरचा प्रश्न: काजूच्या बागेत गेला होतात का? आसपास माकडं मेली का?

चिकुनगुन्याचंही तसंच. १९७३ साली बार्शीला त्याची मोठी साथ आली होती, नंतर २००५-०६ मध्ये तो परतला. त्यात लिम्फोसाइट्स घटतात. प्लेटलेट्स थोड्या उतरल्या तरी डेंग्यूइतक्या सहसा कोसळत नाहीत. पण त्याची खरी ओळख सांध्यांवरून. माणूस वाकून चालत आला की कंपाउंडरही सांगतो.

नाव हवं तर वेगळी तपासणी लागते, आणि तिथे आप्पांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. डेंग्यूची एनएस-१ तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगाची, कारण तेव्हा विषाणूचं प्रथिन रक्तात फिरत असतं. आयजीएम साधारण पाचव्या दिवसानंतर, कारण शरीराला प्रतिपिंडं तयार करायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी आयजीएम केली आणि निगेटिव्ह आली, तर तिने डेंग्यू नाही असं सांगितलेलं नसतं. आपणच तिला चुकीच्या दिवशी विचारलेलं असतं.

पाणी तोडलेला ऊस

आता डेंग्यूचा प्रवास दिवसांनी बघू. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढऱ्या पेशी उतरू लागतात, कारण विषाणू अस्थिमज्जेतलं पेशींचं उत्पादन मंदावतो. त्यामागून प्लेटलेट्स उतरतात. त्या कमी बनतात आणि बनलेल्या शरीराच्याच प्रतिकारात नष्टही होतात. मग तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो. घरात सगळे सुटकेचा श्वास सोडतात. काही रुग्णांचा धोका नेमका तेव्हा सुरू होतो.

त्या वेळी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात. रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर जाऊन पोटात, छातीत साठतं. लाल पेशी मोठ्या, त्या आतच राहतात. पाणी गेलं, पेशी राहिल्या, म्हणजे रक्त दाट झालं. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ पासूनची, आणि ती आपल्याच गावात. तेव्हा हँड रिफ्रॅक्टोमीटर इथे बऱ्याच जणांनी हाताळलाय. तोडणीआधी उसाचं पाणी तोडलं की रसाचा ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, चढतो. त्यातली काही नवी साखर असते, काही नुसतं उडालेलं पाणी. रक्तात तर नवं काहीच आलेलं नसतं. चढलेला पीसीव्ही हे निव्वळ गेलेलं पाणी. आजाराच्या सुरुवातीला पीसीव्ही ३८ असेल आणि पाचव्या दिवशी ४६ झाला, तर वाढ २० टक्क्यांच्या वर गेली. ही गळतीची ठळक खूण. पण ४६ हा आकडा एकटा कुणी पाहिला तर "नॉर्मल आहे" म्हणेल. आधीचा ३८ शेजारी असेल तरच ४६ बोलायला लागतो.

ही गळती साधारण २४ ते ४८ तास चालते. तेवढ्यात मोजून-मापून द्रव मिळालं तर बहुतेक माणसं सावरतात. नंतर बाहेर गेलेलं पाणी आपोआप परत येतं. तेव्हाही सलाइन चालूच ठेवलं तर फुप्फुसांवर भार येतो. पीसीव्ही खाली आला तर दोन अर्थ: पाणी परत आलं, किंवा आत कुठे रक्तस्राव होतोय. कोणता, ते कागद सांगत नाही. नाडी, रक्तदाब, लघवी आणि रुग्णाचा चेहरा सांगतो.

प्लेटलेट्सची धास्ती

एका पावसाळ्यातले दोन रुग्ण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. नर्सरीत काम करणारी एक ताई: पाचवा दिवस, ताप उतरलेला, प्लेटलेट्स ६२,०००. दुसरा कॉलेजचा मुलगा: सातवा दिवस, प्लेटलेट्स १८,०००. मुलाच्या घरचे सैरभैर, काका रक्तपेढीत, मामा फोनवर, ग्रुपवर मेसेज, "प्लेटलेट्सचा डोनर तातडीने हवा." ताईच्या घरचे निवांत, कारण ६२ हजार म्हणजे बऱ्या.

मुलाचा पीसीव्ही तीन दिवस ४२ वर स्थिर होता. पांढऱ्या पेशी २,१०० वरून ३,६०० वर चढल्या होत्या, म्हणजे अस्थिमज्जा जागी झाली होती. कुठून रक्त नाही, लघवी व्यवस्थित, आणि तो पोहे मागत होता. ताईचा पीसीव्ही ३८ वरून ४६ झाला होता. पोट दुखत होतं, उलट्या थांबत नव्हत्या, सकाळपासून लघवी नव्हती, हाक मारली की उशिरा ओ देत होती. त्या दिवशी खरी आजारी होती ती ताई. तिच्या डॉक्टरांना मी रिपोर्ट छापायच्या आधी फोन केला. दोघंही बरे झाले. मुलाला प्लेटलेट्स लागल्याच नाहीत.

रक्तस्राव नसताना नुसता आकडा सावरायला प्लेटलेट्स चढवून फायदा होतो का, हे सिंगापूर आणि मलेशियातल्या ३७२ प्रौढ रुग्णांवर तपासलं गेलं. त्यांच्या प्लेटलेट्स २०,००० किंवा त्याहून कमी होत्या. निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आले: रक्तस्राव टाळण्यात फरक पडला नाही, उलट चढवलेल्या गटात दुष्परिणाम जास्त दिसले. जे वादळ आपल्या प्लेटलेट्स खातं ते परक्याच्याही खातं. रक्तस्राव होत असेल किंवा आकडा फारच तळाला गेला तर गोष्ट वेगळी. तो निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा.

आणि पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध? सातव्या-आठव्या दिवशी बहुतेकांच्या प्लेटलेट्स आपसूक चढू लागतात. त्या दिवशी जे पाजलं त्याला श्रेय मिळतं. कोंबडं आरवलं म्हणून उजाडलं, असा तो प्रकार. एक मात्र कटाक्षाने पाळा: अंग दुखतंय म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन परस्पर घेऊ नका.

मोजणाऱ्याची चूक

आता माझी एक चूक सांगते. एका गृहस्थांचं लहानसं ऑपरेशन ठरलं होतं. ताप नाही, काही नाही. मशीनने प्लेटलेट्स २२,००० दाखवल्या आणि मी काच न बघता कागद सोडला. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं, घरात रडारड झाली. दुसऱ्या दिवशी काच लावली तेव्हा कडेला प्लेटलेट्सचे घोसच्या घोस. जांभळ्या बुचाच्या नळीतल्या ईडीटीएमुळे काहींच्या प्लेटलेट्स नळीत एकमेकींना चिकटतात. टोलनाक्यावर वीस दुचाक्या एकमेकींना बांधून ओढत नेल्या तर यंत्र त्यांना दुचाक्या म्हणून मोजत नाही. निळ्या बुचाच्या सायट्रेट नळीत रक्त घेतलं. आकडा दोन लाखांच्या वर.

तेव्हापासून एक लाखाखालचा नवा आकडा आला की मी काच बघितल्याशिवाय सही करत नाही. मोठ्या भिंगाखाली एका दृश्यातली एक प्लेटलेट म्हणजे साधारण १५ ते २० हजार. दहा दृश्यं मोजायची, सरासरी काढायची. पाच मिनिटांचं काम. तुम्हीही विचारू शकता, "स्लाइडवर बघितलंय का?" विचारल्याचा आम्हाला राग येऊ नये.

उंबरठा झालेला आकडा

९ मार्च २०२० ला महाराष्ट्रातले कोविडचे पहिले रुग्ण पुण्यात सापडले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. या विषाणूने आमचा ढोबळ नियम उलटा केला. आजार बळावलेल्यांचे लिम्फोसाइट्स चढायच्या ऐवजी कोसळायचे. न्यूट्रोफिल्सला लिम्फोसाइट्सने भागून येणारं गुणोत्तर डॉक्टर रोज बघू लागले: ८० टक्के आणि १० टक्के असतील तर आठ. आकडा चढत गेला तर काळजी. पुढे गंभीर रुग्णांना डेक्सामेथासोन सुरू झालं, आणि या स्टेरॉइडने न्यूट्रोफिल्स आपोआप चढतात. म्हणजे चढलेलं गुणोत्तर आजाराचं की औषधाचं, हे ठरवायला पुन्हा दिवस लागतो: औषध कधी सुरू केलं?

त्याआधीची एक मोजणी पुण्याला चांगली माहीत आहे. १९९२ साली भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. एचआयव्ही लिम्फोसाइट्समधल्या सीडी-४ पेशींवरच घाला घालतो. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत औषधं सुरू केली तेव्हा साधारणपणे सीडी-४ २०० च्या खाली गेल्यावर ती मिळत. २०० हा आकडा उंबरठा झाला. लोक रिपोर्ट घेऊन यायचे: १९० म्हणजे औषध सुरू, २३० म्हणजे अजून थांबा. उशिरा सुरू करण्याचं नुकसान कळत गेलं तसा उंबरठा ३५०, मग ५०० झाला, आणि २०१७ पासून तो उरलाच नाही. लागण आहे, मग औषध सुरू. सीडी-४ आजही मोजतात; पण औषधाचं दार उघडायचं की नाही हे आता त्यावर ठरत नाही. आकड्याला त्याच्या जागेवर बसवायला आपल्याला १३ वर्षं लागली.

एक रकाना

आप्पांचा नातू बरा झाला. पुढे सुनेला ताप आला तेव्हा आप्पा पुन्हा आले. हातात आदल्या दोन दिवसांचे रिपोर्ट, दोन्ही मी केलेले नव्हते, पण दोन्हींच्या कोपऱ्यात त्यांनी पेनाने लिहिलं होतं: "ताप सोमवारी रात्री. दिवस ३." "दिवस ४." मला काही विचारावंच लागलं नाही. तीन आकडे एका ओळीत मांडले आणि डॉक्टरांना फोन लावला.

मांजरीत आता सोसायट्या वाढल्यात, बांधकामं वाढलीत, पिंपांत, कुंड्यांखालच्या ताटल्यांत आणि गच्चीच्या टाक्यांत साठलेलं पाणीही वाढलंय. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करा, म्हणजे माझ्याकडे यायची वेळच येणार नाही. तरी आलातच, तर ताप पहिल्यांदा ज्या दिवशी चढला तो पहिला दिवस धरा, आणि जुने रिपोर्ट फेकू नका.

आप्पांच्या त्या दुसऱ्या फेरीनंतर मी आमच्या लॅबच्या चिठ्ठीवर एक रकाना वाढवला: "तापाचा कितवा दिवस". निम्मे लोक तो रिकामा ठेवतात. तो भरा, एवढंच मागायला मी आज आले होते.